शिडाचा डोंगा

प्रिय निकेश,

तुझा मेसेज मिळाला. तलावावरच्या तुझ्या रिसॉर्टात पाहुण्यांना आता मोठी मोटरबोट नकोशी झाली. आवाज नको, गर्दी नको, दोघांपुरता शिडाचा छोटा डोंगा हवा. म्हणून बाबांनी येऊन तसे पाच डोंगे करून द्यावेत, असं तुझं म्हणणं. वाचून आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली.

असाच डोंगा आपल्या अंगणात होता, आठवतं? बाबांनी स्वतः केलेला, शीड आईच्या जुन्या लुगड्यांचं. तू म्हणालास, "हे तं लेकराचं खेळणं होय." तुला मार्कंड्याच्या जत्रेची तीस माणसं एका खेपेत नेणारी नाव हवी होती. बाबा जाळं घेऊन गेले असताना तू डोंगा करवतीनं कापलास आणि त्याच्या फळ्या नावेत बसायला ठोकल्यास. आपल्यात डोंगा मोडायचा तर आधी त्याला हळद लावतात, नारळ फोडून नदीला विचारतात. तू बाबांनासुद्धा विचारलं नाहीस. पुढे चार वर्षं ते त्या नावेनं पलीकडे जायचे, पण उभ्यानंच. त्या फळ्यांवर कधी बसले नाहीत.

आता तुझी नाव वाळूत रुतून पडलीय. वीस माणसं जमल्याशिवाय ती निघायची नाही, आणि उन्हाळ्यात तेवढं पाणीच नसतं. गावातल्या चैतूनं, लच्छूनं छोटे डोंगे केलेत, शिडं फ्लेक्सची. चैतूच्या शिडावर कुण्या पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत! शीड कसं कापायचं ते विचारायला सगळे बाबांकडेच येतात. बाबा नुसतं तोंडानं सांगतात, कारण दिवाळीपासून त्यांचा उजवा हात लकव्यानं गेलाय. तुला कळवलं होतं. उत्तरात तू जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस.

तुझा मेसेज मी बाबांना वाचून दाखवला, पण खोटा. डोंगा कापला त्याची तुला लाज वाटते, तू माफी मागतोयस, असं वाचलं. ते म्हणाले, "त्याले म्हणा, लाकूडच होतं. घरी ये म्हणा." तेव्हापासून रोज सकाळी माझ्याकडून दाढी करून घेतात. मी फोनवर बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, म्हणून हे पत्र. ये, पण डोंग्यांचा विषय काढू नकोस. तुझ्या वाटची माफी मी मागितलीय, आणि त्यांनी ती देऊनही टाकलीय. मी दिलेली नाही.

तुझीच बहीण, नाइलाजानं,
मैनाबाई