सात दिवस फक्त रस

सोमवार, ३ मार्च

सुरू! सकाळी गाजर-बीट, दुपारी काकडी-सफरचंद, संध्याकाळी संत्रं. पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत चावायचं असं काहीही तोंडात जाणार नाही. हे लिहितोय चष्म्याच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत. मालक पडद्यामागे डबा उघडून बसलेत आणि मी फ्रेमांच्या काउंटरवर बाटली घेऊन.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे चौथ्या दिवशी विसरायला नको. वजन हे कारण नाही. (आहे, पण ते दुसरं.) घरात मला पाऊणराव म्हणतात. ताईनं ठेवलेलं नाव. गिटार पाऊण शिकलो. पोहणं पाऊण — खोल पाणी आलं की मागे फिरायचो. परीक्षा पाऊण, चारातले तीन पेपर देऊन सोडली. लग्नसुद्धा पाऊणच. हॉल ठरला, कपडे शिवून आले, मग मोडलं. आता बेचाळीस वर्षं पूर्ण होतील, ती तेवढी आपोआप होतात म्हणून.

आईला सकाळी सांगितलं. "सात दिवस काहीच नाही? चवसुद्धा नाही बघायची?" चवसुद्धा नाही, म्हटलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात कर ना."

हेच ते. पुढच्या महिन्यात!

मंगळवार, ४ मार्च

डोकं ठणकतंय. ज्यूसरचा आवाज एवढा की बाबा आतून विचारतात, "उतरलं का विमान?" त्यांना बोलायला काय जातंय. रक्तदाबामुळे दोन वर्षं बिनमिठाचं वेगळं ताट जेवतात, पण जेवतात तरी.

काल संध्याकाळी आईनं सवयीनं चमचा पुढे केला. मी सहा वर्षांचा असल्यापासून आईचा चव बघणारा आहे. ताईला सगळंच छान लागतं, म्हणून ती कधीच बाद झाली. मी ओट्याशी उभं राहून "मीठ कमी", "आंबट झालंय" असे निकाल द्यायचो आणि त्याचा मला फार तोरा होता. पूर्वी हे पाहुणे येणार असले तरच चालायचं. हल्ली रोज, प्रत्येक भांड्याला. डिसेंबरात चांगला आठवडाभर ताप येऊन गेला, तेव्हापासून आई जरा हळवी झालीय असं मला वाटतं. मला चिकटून असते.

नाही म्हटलं. "नुसतं जिभेला लाव." नाही. "बरं, वासावरून सांग." आता वासावरून मीठ कसं सांगणार? मी खोलीत निघून गेलो. वास मात्र मागोमाग आला.

बुधवार, ५ मार्च

ताईचा फोन, स्पीकरवर. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात, त्याचा कार्यक्रम सोळा तारखेला ठरला होता. ती तारीख बघूनच मी हा आठवडा धरला होता! आता दाजींना रजा मिळत नाही म्हणून कार्यक्रम येत्या रविवारी. म्हणजे माझ्या सातव्या दिवशी. चाळीस माणसं, आणि मी बाटली घेऊन मधोमध उभा.

ताईचं म्हणणं, जेवण बाहेरून मागवू. आई म्हणाली, "मागच्या वेळी माझ्या लग्नाचं जेवण मला कुणी करू दिलं नव्हतं. या वेळी मी करणार." बाबा हसले. ताई नाही हसली. तिला म्हणे आईची काळजी वाटते. सत्तरीच्या पुढे एवढा घोळ कशाला, मागच्या महिन्यात ती जेवायला आली तेव्हाची भाजी कशी झाली होती आठवतंय ना, वगैरे. आई हट्टाला पेटली. रस्सा आणि भात, दोन भाज्या, ती एकटी करणार.

मग ताई मला म्हणाली, "पाऊणराव, रविवारी तू जेवतोयस ना?" म्हटलं, नाही. "बघू."

त्या "बघू"नं माझं डोकं फिरलं. आता तर जीव गेला तरी मोडणार नाही.

गुरुवार, ६ मार्च

मालकांच्या डब्यात आज काहीतरी तळलेलं होतं. एवढंच लिहितो.

शुक्रवार, ७ मार्च

एक आजोबा डोळे तपासायला आले. उजवा डोळा झाकला, तक्ता वाचा म्हटलं, तर शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा! मला संशय आला. तक्ता बदलला आणि पुन्हा विचारलं. त्यांनी आधीच्याच तक्त्यावरची अक्षरं त्याच क्रमानं म्हणून दाखवली. पाठ करून आले होते. सून बाहेर बाकावर बसली होती. हळूच म्हणाले, "तिला सांगू नका. गाडीची किल्ली काढून घेतील माझ्याकडून." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण पंधरा वर्षं हेच काम करतोय, मला असं कुणी फसवू शकत नाही. मोठा नंबर लिहून दिला आणि सुनेला आत बोलावलं.

घरी आलो तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा कोळसा झाला होता. आणि आई दोन हातांच्या अंतरावर बसून लसूण सोलत होती! पाठ गॅसकडे. "अगबाई, लक्षातच नाही आलं." सगळं लक्ष रविवारच्या यादीत. मी खिडक्या उघडत सुटलो आणि तिच्यावर खेकसलो. खेकसलो यासाठी की करपलेल्या दुधाच्या वासानंसुद्धा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पाचव्या दिवशी माणसाची ही गत होते.

शनिवार, ८ मार्च

रजा काढून आईच्या मदतीला राहिलो. चार किलो कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी, पोटात कावळे, हातात काकडीचा रस.

आईनं उद्यासाठी छोट्या भांड्यात थोडा रस्सा करून बघितला. तीनदा चमचा घेऊन आली. तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा दार लोटून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तोंडात धर आणि थुंकून टाक. गिळू नकोस. कुणाला सांगणार नाही मी."

माझा तोल गेला. म्हटलं, "तुलाच नकोय मी हे पूर्ण केलेलं. प्रत्येक वेळी थोडं राहिलं की तूच म्हणतेस, राहू दे आता. तूच मला पाऊण ठेवलंस."

बोलून गेलो. तिनं चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "बरं," म्हणाली. "नाही विचारणार."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एकदाचं कुणीतरी माझं "नाही" हे "नाही" म्हणून ऐकलं.

रविवार, ९ मार्च

संध्याकाळची शेवटची बाटली संपवली. सात दिवस पूर्ण! आणि घरात एकाही माणसाला त्याचं काही नाही.

सगळं क्रमानं लिहितो. सकाळी मोठं पातेलं चढलं. आई मला विचारायला आली नाही, बाबांना बोलावलं. त्यांनी चाखलं आणि म्हणाले, "खारट आहे." मला हसू फुटलं. दोन वर्षं बिनमिठाचं खाणाऱ्याला पाणीसुद्धा खारट लागेल! मी आईला म्हटलं, त्यांचं काय ऐकतेस. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि झाकण ठेवलं.

दुपारी चाळीस माणसं बसली. पहिल्या दोन घासांनंतर पाण्याचे जग एवढ्या भराभर रिकामे व्हायला लागले की मला भरता भरता पुरेवाट. दाजी नुसताच भात खात होते. आत्यानं ताट हळूच खुर्चीखाली सरकवलं. पण तोंडानं सगळे "वा, छान" म्हणत होते, तेच जास्त वाईट होतं. ताई स्वयंपाकघरात आली. "आई, मीठ दोनदा पडलंय का गं?" आई पळी धरून उभी होती. "पडलं असेल. वय झालं."

ताईनं कोपऱ्यावरच्या हॉटेलातून डबे मागवले. केक कापताना तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, आता आईला आराम, एक तारखेपासून स्वयंपाकाला बाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या. मला ते बघवलं नाही.

आणि जाताना ताई मलाच म्हणते, "तू एक चमचा चव बघितली असतीस तर? एक चमचा!" म्हणजे दोष माझा. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तडीस नेलं, तर तोच गुन्हा. मी म्हटलं, मिठाचा डबा माझ्या हातात नव्हता. ती तणतणत गाडीत बसली.

विचारलं फक्त बाबांनी. "झाले का रे सात?" झाले, म्हटलं. "छान." थोड्या वेळानं म्हणाले, "मी सांगितलं होतं, खारट आहे म्हणून."

सोमवार, १० मार्च

सकाळी उपास सोडायला फ्रीजमधून कालचा रस्सा काढला. म्हटलं आईच्याच हातचं खाऊन सोडावा. एक चमचा घेतला तो गिळवेना, बेसिनवर धावलो. मागे वळलो तर आई त्याच पातेल्यातला रस्सा भातावर घेऊन शांतपणे जेवत होती. दुसऱ्यांदा वाढून घेतला.

"आई, हे खातेस कशी?"

"का, कसं आहे?" तिनं विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून हातातला घास खाली ठेवला.

डिसेंबरातल्या तापापासून. वास नाही, चव नाही, काही म्हणजे काही नाही. तू सांगायचास तसं घालत गेले, म्हणाली. ताईला कळलं असतं तर तिनं ओट्यापाशी उभं राहू दिलं नसतं.

"मला तरी सांगायचंस. परवा सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तू मोडलं असतंस," आई म्हणाली. "सहाच झाले होते तुझे."