नदीकाठच्या गावाच्या सात वह्या

नाना, तुमची नात तुमच्या गावी पोचली. आपल्या नव्हे, अमेरिकेतल्या त्या नदीकाठच्या छोट्या कॉलेजच्या गावी, जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाहीत आणि जिथली गल्ली न् गल्ली तुम्हाला पाठ होती.

तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही ग्रंथपाल होता. अमेरिकेहून भेट आलेल्या पुस्तकांचं खोकं फोडलं, तेव्हा इंजिनिअरिंगची पुस्तकं लोकांनी हातोहात पळवली आणि उरला तो एका गावाचा जाडजूड इतिहास. कोणी नेईना म्हणून तुम्ही तो घरी आणलात आणि रोज संध्याकाळी वहीत मराठीत उतरवायला घेतलात. आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही तिला सांगताय: पाद्र्यानं सफरचंदाच्या बागेत कॉलेज काढलं, आगगाडी तीन मैलांवरून गेली नि गावातली गिरणी बसली, फीऐवजी पोरं बटाट्याची पोती घेऊन आली. "गावकऱ्यांचं आणि कॉलेजवाल्यांचं कधी पटलं नाही, पण आग लागली तेव्हा बादल्यांची रांग एकच होती," हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. मी विचारलं, आपला काय संबंध? तुम्ही झापलंत. "आपल्या गावाचा इतिहास कोणी लिहिला नाही. ज्यांनी लिहिला त्यांचा तरी नीट वाच."

मी वाचला नाही. ऐकलेलं मात्र विसरलो नाही. इथे आखातात, उम्म अल कुवैनच्या फ्लॅटमध्ये पोरगी जेवत नसली की मी तिला ती आग सांगायचो, ती गिरणी सांगायचो. तिनं कॉलेज निवडलं ते त्यामुळेच. अर्जासोबतच्या निबंधात तिनं लिहिलं, की आजोबांच्या सात वह्या आमच्या घरी जपून ठेवल्यात. मला वाचायला दिला होता. मी म्हटलं, छान झालाय.

आता तुमची सून पुण्याला, तिच्या आईच्या आजारपणात. मी शारजाच्या वर्कशॉपमधून येतो, कालचा डाळभात गरम करतो आणि माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही लावतो. रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, पोरीचा फोन येतो. आठवडा मी त्यावरच ढकलतो.

"बाबा, प्रोफेसर इज सो एक्सायटेड! इथल्या म्युझियममध्ये आजोबांच्या वह्या ठेवायच्यात. यू हॅव देम, राइट?"

"गावी आहेत गं. सुट्टीत गेलो की आणतो, इन्शाल्ला."

इथेच वाढलेली पोर; इथल्या ऑफिसात इन्शाल्ला म्हणाले की काम होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. "बाबा, प्रॉपर इन्शाल्ला, की ऑफिसवालं?"

मी हसण्यावारी नेलं.

वह्या नाहीत, नाना. तुमच्या तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं, लाकडं ओली होती आणि मी इथून चार दिवसांची रजा काढून आलेला, सगळं उरकायच्या घाईत. माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला आणि आंघोळीच्या पाण्यासाठी एकेक वही बंबात घातली. तुमचं अक्षर ओळखीचं होतं, तरी घातली. आईला वाटलं, रद्दी असेल.

काल खालच्या दुकानातून सात कोऱ्या वह्या आणल्या. तुमचं अक्षर मला हुबेहूब येतं; एका वर्षी प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच केली होती, ती तुम्हाला कधी कळली नाही. पहिल्या पानावर तुमची नदी लिहायला बसलो आणि उतरलं ते हे.

रविवारी पोरीला हे वाचून दाखवणार आहे. नंतर ती किती दिवस बोलणार नाही, कोण जाणे, आणि त्या एका फोनवरच माझा इथला आठवडा निघतो. भीती वाटते, नाना.

इथपर्यंतच वाचीन. पुढचं फक्त तुम्हाला. त्या दिवशी पाहुण्यांचं सगळ्यांचं झाल्यावर मीही आंघोळ केली. पाणी चांगलं कढत होतं, आणि बाहेर येऊन मी आईला तसं म्हणालोही.