स्वच्छ कडं

४ मार्च
कोहका गावातलं नवं घर आवडलं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, अंगणात तुळस आहे. प्रवासभर आईच्या विरजणाचा चिनी मातीचा सट मांडीवर होता. चाळीस वर्षं ते विरजण मोडलेलं नाही. आणि शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर पुन्हा नोकरी! डॉ. विद्याधरांच्या प्रयोगशाळेत नाशिकहून द्राक्षांचा चोथा येतो, वाइन काढून उरलेल्या साली नि बिया. त्यांचा अर्क जिवाणू मारतो. त्यात भिजवलेली कागदाची टिकली मी जिवाणूंनी भरलेल्या बशीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती पडलेलं स्वच्छ कडं पट्टीनं मोजायचं. होळीला माझा मुलगा सिद्धांत छोट्या मितालीला आणणार. दहा महिन्यांच्या नातीला मी अजून कुशीत घेतलेलं नाही.

८ मार्च
अर्काचा जांभळा रंग बोटांवरून जात नाही. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी नखं पाहून पट्टीच मारली असती! बश्या धुणारी गयाबाई प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतच राहते, कुठे जात नाही. आज म्हणाली, "बाई, घरी दही लागते ना अजून?" मी म्हटलं, उद्या वाटीभर आणते तुला. ती हसली नाही.

१४ मार्च
दही लागलं नाही. नेहमीसारखं करंगळी बुडवूनच दूध कोमट आहे का पाहिलं होतं. तीन दिवस या उन्हाळ्यात दूध बाहेर आहे, नासतही नाही. आईचं विरजण गेलं. खूप रडले.
सिस्टर न धुतलेली बोटं जेलीच्या बशीत टेकवायला लावायच्या. दोन दिवसांनी ठशांवर बुरशी-जिवाणू उगवलेले पाहून आम्ही किंचाळायचो. आज तसंच केलं.

१६ मार्च
ठसे कोरे. मग जिवाणूंनी भरलेल्या बशीत बोट टेकवलं.

१७ मार्च
बोटाभोवती स्वच्छ कडं. चार मिलिमीटर. अर्काचं तीनच येतं.

१९ मार्च
साखरेच्या डब्याकडे येणाऱ्या मुंग्या माझ्या हातापासून वीतभर लांब मरून पडतात. तुळस काळी पडली. गयाबाईला विचारलं. म्हणाली, "पहिले दही जाते. मंग मुंग्या. मंग माही नात गेली, बाई. मांडीवरच."
डॉक्टरांना फोन केला. निकाल उत्तम, लिहून ठेवा, म्हणाले. आज लक्षात आलं — ते कधी प्रयोगशाळेच्या काचेच्या दारातून आत येत नाहीत.

२२ मार्च
साबण, तुरटी, चुना. हात सोलले. कडं आता एक फरशीभर, तेवढ्या लांबूनच मुंग्या मरतात. सिद्धांतला येऊ नको म्हटलं. हसला. रिटायर झालीस तरी बाईगिरी सुटली नाही, म्हणाला.

२४ मार्च
मेलेली चिमणी. तीन फरशा. गाडी सुटली त्यांची. फोन उचलत नाही —

२५ मार्च
पाच फरशा. पळू कुठे — गल्लीभर पोरं रंग खेळताहेत. खोलीला आतून कडी. भिंतीपासून दार सहा फरशा. पुरेल —
सिद्धांत आलाय. घराची किल्ली त्याच्याकडे आहे. ओरडले, तिला लांब ने. त्याला वाटतं मी लपाछपी खेळतेय. तिला खाली सोडलं — जा, आजीला शोध —
दाराखालून इवली बोटं आत आली. मी भिंतीला चिकटले. माझ्यापासून सहाव्या फरशीवर, दाराशी, मुंगी. चालतेय. जिवंत. कडं पाचवीपर्यंतच, दारापर्यंत नाही — मग बोटं अजून — बोटं थांबली. सहावीवरची मुंगीही थां—