मध्यंतरानंतर आत

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी कपाळाला हात लावला असशील, की भिंगरी आता कुठे अडकली. अडकलो नाही. छापखान्यात कामाला आहे, जाहिरातींच्या घड्या घालतो, बोटांची टोकं कायम काळी. खोलीत चौघं आणि खिडकी एकच. त्या खिडकीवरून काल जी भांडणं झाली ना… जाऊ दे, मुद्दा राहील.

मुद्दा नाटकाचा आहे. हे शहर खिशाला जड आहे, पण ज्याला पाय आहेत आणि लाज थोडी कमी आहे, त्याची इथे चैन चालते. चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला बिस्किटं मिळतात. चित्रंही बघतो, हसू नकोस. संगीतशाळेच्या परीक्षांना कोणीही मागे जाऊन बसावं. परवा एक मुलगी व्हायोलिन वाजवताना तीनदा एकाच जागी चुकली आणि चौथ्यांदा तीच चूक इतकी ठासून केली की परीक्षकांनीच मान डोलावली. आणि नाटकाला आपली जुनी युक्ती. मध्यंतरात लोक चहाला बाहेर येतात, त्यांच्यात मिसळायचं आणि घंटा झाली की त्यांच्याबरोबर आत. बाबा दाराशी आपल्याला हळूच सांगायचे, "तोंडं जरा वाकडी करा, पहिला अंक रटाळ होता असं दिसू दे." तू इतकं मनापासून करायचीस की एकदा दारावरच्या माणसानेच तुझी माफी मागितली होती. मग घरी येताना पहिल्या अंकात काय झालं असेल ते तिघांनी मिळून रचायचं. तुझ्या पहिल्या अंकात कोणीतरी मरायचंच.

आणि मग बाबा गेले. आई तेवढंच म्हणाली, "गेले." पुढे विचारायची सोय नव्हती. शाळेत तू सांगितलंस वारले, मी सांगितलं परगावी गेले, आणि बाईंनी दोघांना शेजारी उभं करून म्हटलं, "आधी घरी जाऊन नक्की काय ते ठरवा." चौदा वर्षं झाली, आपलं अजून ठरलेलं नाही. मी गावोगाव का भटकतो असं तू दर पत्रात विचारतेस. त्याचं उत्तर बहुतेक हेच असावं.

तीन रविवारांपूर्वी दुपारचा प्रयोग होता. नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत चहाची टपरी आहे, तिथे मध्यंतराची वाट बघत उभा होतो. शेजारी गळ्याला मफलर गुंडाळलेला एक म्हातारासा माणूस चहा पीत होता. कानामागे पावडर राहिलेली. मी आत घुसणार हे त्याने कसं ओळखलं कोण जाणे, पण हातातला अर्धा कप त्याने माझ्यापुढे धरला. म्हणाला, "धर. हातात कप असला की कोणी विचारत नाही." मी कप घेतला. लक्ष दाराकडे होतं, माणसाकडे नव्हतं. गडबडीत आभारही मानले नाहीत.

आत पडदा उघडला तर एका घराची बैठक, आणि भिंतीवर हा मोठा फोटो. घरातली माणसं त्या फोटोकडे बघून भांडतात, रडतात, घराच्या वाटण्या करतात. मेलेला बाप. ताई, फोटो आपल्या बाबांचा होता. चौकड्यांचा कोट, तोच. त्यांच्या मांडीवर तू बसली होतीस तो फोटो. तुला कापून टाकलंय, पण खांद्यावर तुझी चार बोटं राहिली आहेत. पडदा पडेपर्यंत मी ती बोटं मोजत होतो.

नाटक संपल्यावर लोक बाहेर गेले आणि मी स्टेजवर चढलो. एक जण भिंतीवरून तो फोटो उतरवत होता. त्याला विचारलं, "हे कोण?" तो कपड्याने काच पुसत म्हणाला, "हे? हे गेले ना." मी तिथल्या खोट्या जिन्यावर बसलो. चौदा वर्षांनी ठरलं, आणि तुझंच खरं निघालं, असं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "अहो, पहिल्या अंकातच मरतात, मग थांबून काय करतील? त्यांची बस असते. मागच्या टपरीवर चहा घेतात आणि जातात."

कप माझ्या खिशात होता. फेकायचा राहिला होता.

त्यानंतरचे दोन रविवार मी त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. लांबून मफलर दिसला. एवढाच दिसला. आईला काही कळवलेलं नाही. तिने तो शब्द कुठल्या अर्थाने वापरला होता, हे तिच्या तोंडून ऐकायची माझी हिंमत नाही.

येत्या रविवारी दुपारी चारला शेवटचा प्रयोग आहे. ताई, जन्मात पहिल्यांदा तिकिटं काढली आहेत, दोन. खांबामागची आहेत, म्हणून स्वस्त पडली. आलटूनपालटून वाकून बघावं लागेल. त्यांना मरताना बघायचंय म्हणून नव्हे, त्याआधी ते काय बोलतात ते ऐकायचंय. माझ्या एकट्याच्याने ऐकवणार नाही. तू पहिल्या घंटेच्या आधी ये. आणि मध्यंतर झालं की आपण लोकांबरोबर बाहेर पडू आणि परत आत जायचं नाही. दुसरा अंक मला पाठ आहे.

तुझाच,
अजून काही न ठरलेला,
भिंगरी