सात नंबरचं घड्याळ

१ डिसेंबर, सोमवार

सात नंबरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ आज पुन्हा पंचवीस मिनिटं पुढे! सकाळीच मोबाइल बघून लावलं होतं. आतला सेलही शनिवारी नवा टाकला. तळोद्यात मी टायपिंगचा क्लास चालवतो की घड्याळजीचं दुकान?

२ डिसेंबर

गायत्री – एकतीस. मिनिटाला एकतीस शब्द, बस्स. पोरगी डोंगरातून जीपने येते, बसली की मान वर करत नाही, तरी एकतीस! आणि फॉर्म हवा चाळीसच्या परीक्षेचा. 'चाळीस असेल तरच ऑफिसात घेतात, सर.' मी म्हणालो, मुकाट्याने तीसचा भर. मुदत शुक्रवारची, १२ तारखेची.

तिचा भाऊ भरत गेल्या वर्षी याच सातवर अठ्ठावीसच्या पुढे सरकला नाही. 'तुझी बोटं यासाठी नाहीत,' असं मी तोंडावर सांगितलं. क्लास सोडून तो ऊसतोडीला गुजरातेत गेला. ही हट्टाने दादाच्याच मशीनवर बसते. घराण्याचाच वेग, दुसरं काय!

४ डिसेंबर

टपरीवाला चुनीलाल चहा घेऊन आला आणि गायत्रीच्या मागे उभाच राहिला. एकदा पडद्यावरच्या घड्याळाकडे बघतो, एकदा मनगटाकडे. 'मास्तर, हाई घड्याळ शे का सारंगखेडाना घोडा?'

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला धावरा घोडा! पोटभर हसलो. मग कप खाली ठेवला – गायत्रीची दहा मिनिटांची सराव परीक्षा त्याच घड्याळावर चालते की!

५ डिसेंबर

अजितला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, सुरतेला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. 'सर, पडदा हलता असला की पळतं का?' बघितलं. नुसता चालू ठेवला तर घड्याळ शहाणं. टायपिंगचा धडा सुरू झाला, ओळी सरकायला लागल्या, की सुटलंच! 'मग डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, बिघडलेला आहे. कोणी टाकला?'

मीच. दोन वर्षांपूर्वी नवा मॉनिटर आणला तेव्हा घरात पडलेली जुनी सीडी लावली. म्हटलं, फुकटात काम झालं! अजित हसला नाही, हे त्याचे उपकार.

६ डिसेंबर

मोबाइल लावून मोजलं. सातची दहा मिनिटं म्हणजे खरी साडेसात. वर्षभर पोरीची अडीच मिनिटं मी रोज खात होतो आणि वर तिलाच हळू म्हणत होतो!

ड्रायव्हर काढून टाकला. अक्षरं आता भोपळ्याएवढी दिसतात. दिसू देत. घड्याळ सरळ झालं.

८ डिसेंबर

एकेचाळीस!! गायत्रीने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'सर, परीक्षा परत लावा.' परत लावली. बेचाळीस! मी टेबलावर एवढ्या जोराने हात आपटला की तीन नंबरवाल्याचा परिच्छेद चुकला. चुनीलालला पेढे पाठवले – शोध त्याचाच. उद्या फॉर्म, चाळीसचा!

९ डिसेंबर

फॉर्म भरला. गायत्री दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

'सर, मग दादाचे अठ्ठावीस म्हणजे खरे किती?'

सदतीस. तीसची परीक्षा तो तेव्हाच पास झाला असता. सांगताना तिच्याकडे बघवलं नाही. भरतचा नंबर घेतला. फोन मीच लावतोय. मुदतीला अजून तीन दिवस आहेत.