मावशीच्या दारात बंद पडलेली गाडी

लालबाग,
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप शेवंतीमावशीला,

हितेंद्रचा लालबागहून अगदी वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मोहोर टिकला का? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो). फोन केला होता, पण तू 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिलास. माणूस ओळखल्याशिवाय कोणी इतक्या रागाने राँग नंबर म्हणत नाही, तेव्हा आता पत्राशिवाय इलाज नाही.

मावशी, त्या दिवशी तुझ्या दारापर्यंत येऊन आम्ही निघून गेलो, याचं मला फार वाईट वाटतं. झोपताना वाटतं, दाढी करताना वाटतं. पण झालं कसं ते ऐक. तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं कार्ड तू माझ्या मोबाइलवर पाठवलंस, आणि आईने मनात धरलं की सख्ख्या बहिणीने कुंकू-अक्षता लावून बोलावलं नाही. तुझं म्हणणं, सख्ख्या बहिणीला कसल्या अक्षता? मला दोघींचंही पटतं, आणि म्हणून दोघींच्याही शिव्या मीच खातो. वर्ष झालं, तुम्ही बोलत नाही. आई लालबागच्या खोलीत बसून तुझ्या घराचा रंग कोणता असेल यावर तर्क करते आणि मी सांगायला गेलो की म्हणते, मला काय करायचंय. म्हणून मी आणि अनुजाने ठरवलं (डोकं बायकोचं, फजिती माझी) की आईला सांगायचं, आपण नुसते समुद्राकाठचा रस्ता बघायला निघालोय. कोणाकडे जायचं नाही, कोणाला भेटायचं नाही. आणि नेमकी तुझ्या दारात गाडी बिघडवायची. आता बिघडलेल्या गाडीला काही आमंत्रण लागत नाही.

रस्ता सुरेख होता, असं अनुजाचे फोटो सांगतात. मी स्वतः फक्त खड्डे पाहिले. श्रीवर्धनच्या आधी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट लाटा, अशा ठिकाणी लोक गाड्या थांबवून हात पसरून उभे होते. आईला म्हटलं, बघ तरी. ती म्हणाली, यात काय बघायचंय, लहानपणी याच पाण्यात आम्ही कालवं काढायचो. मांडीवर लालबागच्या मसाल्याचा भरलेला डबा घेऊन ती सबंध वाट बसली होती. कोणासाठी विचारलं तर म्हणे, सहज. (दोन किलो मसाला सहज कोण फिरायला नेतं? पण मी गप्प बसलो, म्हटलं, आपला बेत जमतोय.)

तुझ्या दाराशी आलो आणि मी चावी फिरवून गाडी बंद केली. चेहरा पाडला, बॉनेट उघडलं, दोन वायरी हलवल्या. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. पण मी मुंबईचा, मावशी! आमच्याकडे गाडी बंद पडली तर मागचे हॉर्न वाजवतात, मदत कोणी करत नाही. तुमच्या गावात निम्मी वाडी धावून आली. एकाने पाणी तपासलं, एकाने गाडीखाली वाकून मला दाखवलं की मी गाडीला किती वाईट वागवतो, आणि तुझे ते शेजारी दगडूकाका म्हणाले, धक्का मारा, सुरू होईल. मी नको नको म्हणेपर्यंत मला आत बसवलं आणि दहा जणांनी ढकललं. पुढे तो बंदराचा उतार! गाडी सुरू झाली. कशी नाही होणार, ती बिघडलीच नव्हती. मागे सगळे टाळ्या वाजवत होते. बंदरावर फेरीबोट सुटायच्या बेतात होती, त्यांनी हात करून आम्हाला थेट आत घेतलं आणि मागची फळी उचलली.

तेव्हा मी आरशात पाहिलं. तू दारात उभी होतीस. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. बहिणीवरून ओवाळून टाकायला तू बाहेर आली होतीस, आणि मी बहिणीलाच समुद्रात घेऊन गेलो. आईनेही पाहिलं. पलीकडच्या काठापर्यंत ती पदराने डोळे पुसत होती. डोळ्यांत वारा गेला म्हणाली. येताना मी तुझ्याकडे थांबूया म्हटलं तर म्हणाली, आता कुठल्या तोंडाने, आणि आम्ही हायवेने परत आलो. मसाल्याचा डबाही परत आला. मला माफ कर, मावशी.

तुझा,
हितेंद्र

ता. क. – हे पत्र आईला दाखवलेलं नाही. खरं मागणं एवढंच की तू तिला एकदा स्वतः फोन करून बोलाव. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

ता. क. – शेवंते, मी दुर्गी. पाकिटाला डिंक लावायला सूनबाईने माझ्याकडेच दिलं. पोराचं अर्धंच खरं. चांगली चालणारी गाडी तुझ्याच दारात कशी बंद पडते, एवढं मला कळतं. मी उतरणारच होते. पदर सारखा करत होते, तोवर तुझ्या गावाने मला ढकलून दिलं. आता फोन करू नकोस आणि बोलावूही नकोस. शुक्रवारच्या एसटीने येते. स्टँडवर कोणाला पाठवू नकोस, वाट मला ठाऊक आहे.