मंगलच्या बाहुलीचं सासर

रवि., ६ एप्रिल ७५
मंगलच्या बाहुलीचं लग्न लागलं एकदाचं. तीच ती, आडवी केली की डोळे मिटणारी, आत्याने आणलेली. वर्ष झालं, मं. कुणाला हात लावू देत नाही. नवरदेव शेजारच्या शालनचा, चिंध्यांचा, नाकाचा पत्ता नाही. मुंडावळ्या यांच्या कारखान्यातल्या लूमच्या सुताच्या. पोहे केले. अक्षता पडल्या, आणि शालन बाहुली उचलून चालायला लागली. मं. म्हणाली, कुठे? ती म्हणाली, सासरी. मं. आ वासून उभी. महिनाभर लग्न-लग्न चाललं होतं, पण हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही. जेवली नाही पोर.

मंगळ., ८
हे शिफ्टवरून आले, म्हणतात, जा आणि आण ती बाहुली, पोरगी झुरतेय. नाही म्हटलं. जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, दोघींच्या भांडणात आपण पडलो की कायमचं बिनसायचं. आणि या पोरी काय करतात ते मला बघायचंय.
मं. संध्याकाळी लेकीला भेटायला गेली. आली ती लालबुंद, सरळ माठाकडे. शालनने पाणी दिलंच नाही. विहीणबाई लेकीच्या घरी पाण्याला शिवत नाहीत, लेकीला मूल होईपर्यंत. हे शालनच्या आईने शिकवलेलं, ती दिघाशी गावची, रीतीरिवाजाला पक्की. मला हसू आलं. मग आठवलं, मं. होईपर्यंत माझ्या आईने या घरात घोटभर चहा घेतला नव्हता. तेव्हा मला फार लागलं होतं.

शुक्र., ११
सकाळी वेणी घालताना मं. – मूल झालं की पाणी चालतं ना? म्हटलं, हो. थोड्या वेळाने – पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? तेव्हा माझा हात थांबला. कार्टी कुठे पोचली बघा.
दप्तर टाकून तडक शालनकडे. जाहीर केलं की बाहुलीला दिवस गेलेत, आता माहेरी पाठवा. शालन रडकुंडीला आली. तिची आई मात्र म्हणाली, "पोरीचं बरोबर हाय. पयलं बाळंतपण आईकडंच."

रवि., १३
बाहुली आली. रीतसर, ओटी भरून, तांदूळ आणि खोबऱ्याचा तुकडा. मं.ने तिला दिवसभर खाली ठेवली नाही.
दोघी मिळून बाळ शिवतायत. चिंधी आमची, आत भरायला कारखान्यातलं रद्दी सूत. शालनने डोकं केलं, छान गोल. पाय झाले. एक हात राहिला, तो मं.कडे.

गुरु., १७
शालन रोज दारात. झालं का? मं. म्हणते, दिवस भरायचेत अजून.
आज दुपारी बघितलं. मं.ने हात शिवला, नीट बघितला, आणि उसवून टाकला. बाळ झालं की बाहुली परत जाणार, एवढं कळतं तिला. राग आला, इतकी लबाडी आठव्या वर्षी. एक धपाटा घालावा वाटलं. पण उसवताना तिचं तोंड असं काही झालं होतं की हात उचलला नाही.

शनि., १९
शालनने आमच्याकडचं पाणी सोडलं. तीही विहीण ना. वरमाईला अशी रीत नाही म्हणून सांगितलं, ऐकेना. "तिला नाही तर मला पण नाही." असं तोंडावर म्हणाली.
घामाच्या धारा, लाइट गेलेली, लूम बंद, गल्ली कधी नव्हे ती शांत. दोघी दुपारभर आमच्या ओट्यावर. तहान लागली की उठायच्या आणि चौकातल्या नळावर जायच्या, आधी एक, मग दुसरी. नंतर नंतर बरोबर जायला लागल्या.

रवि., २०
शालन आज आली नाही. मं. चार वेळा नळावर जाऊन आली. तहान कसली, तिच्या दाराकडे बघायला.
मग माझ्याजवळ येऊन बसली. बाळ झाल्यावर किती दिवसांनी पाठवतात? म्हटलं, सव्वा महिना. बोटांवर दिवस मोजले. मग, "आई, बाळंतिणीबरोबर तिच्या सासूलाही ठेवून घेतात का?"
असं कुठे ऐकलं नाही म्हटलं. पण घ्यायला हरकत काय, तेही म्हटलं.
सुई-दोरा मागून घेतला आणि ओट्यावर गेली. पाठमोरी बसलीय. शिवतेय की उसवतेय, इथून दिसत नाही.